मोजपट्टी आणि दार

२३ जून १९२६ या दिवशी अमेरिकेतील ८,०४० मुलामुलींनी एक नवी परीक्षा दिली. प्रश्न ३१५ आणि वेळ ९७ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. शब्दांचे अर्थ, विरुद्धार्थी शब्द, अंकगणित, संख्यामालिका, एका बनावट भाषेचे नियम वाचून तिच्यात करायचे भाषांतर असे तिचे नऊ भाग होते. तिला अभ्यासक्रम नव्हता आणि पाठ्यपुस्तकही नव्हते. शाळेत काय शिकवले याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. मुलाच्या डोक्यात मुळात किती कुवत आहे ते आपण मोजतो, असा तिचा दावा होता. नाव ठेवले ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’. पुढे ‘ॲप्टिट्यूड’ हा शब्द अडचणीचा वाटू लागला म्हणून तो बदलला, नंतर आद्याक्षरांचा अर्थच रद्द केला. आता नुसती तीन अक्षरे उरली आहेत, एसएटी. बोलताना सॅट.

या परीक्षेला यंदा जूनमध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. मराठी वाचकाला तिच्याशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नातवंडे असलेली घरे आता पुण्या-ठाण्यातच काय, तालुक्याच्या गावीही आहेत, आणि तिथले आजी-आजोबा एका कोड्यात पडलेले मी पाहिले आहेत. आपल्याकडे जेईईचा रँक कळला की विषय संपतो. तिकडे मात्र १६०० पैकी १५६० मिळवलेल्या नातवाला नामांकित कॉलेज नकार देते आणि त्याच्याहून कमी गुणांच्या वर्गमित्राला बोलावते. ‘मग परीक्षा घेतात कशाला?’ हा आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता मी या विषयात शिरलो. माझ्यामागे विद्यापीठ नाही की संशोधनवृत्ती नाही. निकोलस लेमन आणि जेरोम कॅराबेल यांची जाडजूड पुस्तके, विद्यापीठांनी प्रसिद्ध केलेले अहवाल आणि न्यायालयापुढे आलेली माहिती, एवढीच माझी शिदोरी. त्यातून मला जे दिसले ते असे की, गुणांना किती महत्त्व द्यायचे हा वाद अमेरिकेत कधीच केवळ गुणांचा नव्हता. दाराशी कोण उभे आहे, यावर मोजपट्टीची किंमत ठरत आली.

सॅटच्या आधीची स्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक कॉलेजची स्वतःची प्रवेशपरीक्षा असे आणि शाळांची त्यात तारांबळ उडे. ती थांबवण्यासाठी १९०० साली ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन झाले. १९०१ च्या जूनमध्ये त्याच्या पहिल्या परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. विषय लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित असे, आणि उत्तरे निबंधवजा लिहायची. ती परीक्षा अवघड होती, पण तिच्यात चुरस नव्हती. जो पास झाला आणि ज्याच्या वडिलांना फी परवडली, तो हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनमध्ये गेला. ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या शाळा मोजक्या आणि महागड्या असल्यामुळे पास होणारी मुले साधारण एकाच समाजातली असत. अर्ज निवडण्याची वेळच येत नव्हती.

ती वेळ आली न्यूयॉर्क आणि बोस्टनमधल्या स्थलांतरित ज्यूंच्या मुलांमुळे. ही मुले सरकारी शाळांत शिकून, रात्री दिव्याखाली घोकून, तीच परीक्षा सरळ पास होऊ लागली. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १९०० साली सुमारे ७ टक्के होते, ते १९२२ मध्ये २१ टक्क्यांच्या पुढे गेले. तेव्हाचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी ज्यूंसाठी उघड १५ टक्क्यांची कमाल मर्यादा सुचवली. प्राध्यापकांनी ती फेटाळली, आणि १९२५ पर्यंत प्रमाण पाव हिश्श्याच्याही वर गेले. मग लोवेल यांनी दुसरी वाट काढली. १९२६ पासून हार्वर्डने विद्यार्थिसंख्येला मर्यादा घातली आणि केवळ विद्वत्ता नव्हे तर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ही पाहायचे ठरवले. अर्जासोबत छायाचित्र आले, मुलाखत आली, शिफारसपत्रे आली. वडिलांचा जन्म कुठला, आईचे माहेरचे आडनाव काय, जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का, असले प्रश्न त्या काळच्या अर्जांत दिसतात. ते कशासाठी होते हे सांगायला नको. पुढील काही वर्षांत ज्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि कुठल्याही नियमात ‘ज्यू’ हा शब्द लिहावा लागला नाही.

आज अमेरिकी कॉलेजे ज्याला विद्यार्थ्याचा ‘सर्वांगीण विचार’ म्हणतात, त्या पद्धतीचा जन्म हा असा आहे. नेमक्या त्याच वर्षी सॅटही जन्मली. हा योगायोगच, पण लक्षात ठेवण्याजोगा.

गुणांनी दार उघडू लागले की दाराचा नियम बदलायचा, ही युक्ती आपल्यालाही अनोळखी नाही. १८६९ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या लंडनमधील परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांतले सुरेंद्रनाथ बॅनर्जी सर्वांना माहीत आहेत. दुसरे होते आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. दोघांचीही नावे वयाच्या मुद्द्यावर यादीतून काढली गेली, कारण आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात आणि इंग्रज पूर्ण झालेली वर्षे मोजतात. लंडनच्या न्यायालयात दाद मागितल्यावर नावे परत आली. दशकभरातच परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली. एकोणिसाव्या वर्षी कलकत्त्याहून किंवा मुंबईहून लंडन गाठून परीक्षेला बसणे किती जणांना जमणार होते?

आता सॅटच्या जनकाकडे वळतो. कार्ल ब्रिगहॅम हे प्रिन्स्टनमधले मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने रॉबर्ट यर्कीस यांच्या देखरेखीखाली सुमारे १७ लाख जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या, त्या कामात ब्रिगहॅम होते. ते आकडे घेऊन त्यांनी १९२३ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि उत्तर युरोपातील वंश बुद्धीने सर्वांत वरचे, दक्षिण आणि पूर्व युरोपातले कमी, काळे त्याहून कमी असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने दक्षिण-पूर्व युरोपातील स्थलांतरावर कडक बंधने घालणारा आणि आशियाचे दार जवळजवळ बंद करणारा कायदा केला. पुस्तकामुळे कायदा झाला असे म्हणणे फार होईल, पण दोन्ही एकाच हवेत वाढले. सैन्याच्या त्याच चाचणीला कॉलेजच्या मुलांसाठी अधिक कठीण करून ब्रिगहॅम यांनी सॅट तयार केली.

इथपर्यंतची कथा सॅटचे विरोधक नेहमी सांगतात, आणि ती खरी आहे. पुढची ते क्वचित सांगतात. १९३० मध्ये याच ब्रिगहॅम यांनी एका शोधनिबंधात, वंशांची तुलना करणारी आपली मांडणी निराधार असल्याचे लिहून ती सगळी मागे घेतली. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही त्यांचे इंग्रजी चाचणीतले गुण म्हणजे बुद्धी नव्हे, भाषा आणि परिस्थितीही त्यात मोजली जाते, हे त्यांना उमगले होते. भर कीर्तीच्या काळात आपलेच पुस्तक इतक्या स्पष्ट शब्दांत मोडीत काढणारे विद्वान मी फार पाहिलेले नाहीत. ते तिथेच थांबले नाहीत. सर्व परीक्षा एकाच मोठ्या संस्थेच्या हाती देण्याच्या योजनेला त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला, कारण परीक्षा विकणारी संस्था स्वतःच्या परीक्षेचे दोष शोधणार नाही, अशी त्यांना भीती होती. १९४३ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते वारले. चार-पाच वर्षांत ती संस्था उभी राहिलीच: एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे ईटीएस. तिने आपल्या ग्रंथालयाला ब्रिगहॅम यांचेच नाव दिले.

ती उभी करण्यामागे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट होते. लोवेल यांच्यानंतर, १९३३ मध्ये, ते गादीवर आले. मूळचे रसायनशास्त्रज्ञ. हार्वर्ड म्हणजे न्यू इंग्लंडच्या बड्या घरांची जहागीर झाली आहे, हे त्यांना सलत होते. देशाच्या मध्यभागातल्या साध्या शाळांतून हुशार मुले शिष्यवृत्ती देऊन आणायची, पण ती ओळखायची कशी? त्यांनी हेन्री चॉन्सी आणि विल्बर बेंडर या दोन सहकाऱ्यांना शोधाला लावले आणि चॉन्सी सॅट घेऊन आले. मुलाच्या शाळेत ग्रीक शिकवत नसतील तरी चालेल अशी परीक्षा त्यांना हवी होती, आणि सॅट नेमकी तशी होती. म्हणजे जी चाचणी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेतून निघाली, तीच आठ-दहा वर्षांत घराणेशाही मोडायचे हत्यार झाली. युद्धाच्या धामधुमीत, १९४२ पासून, जुन्या निबंधवजा परीक्षा बंद पडल्या आणि सॅट एकटी मैदानात राहिली. १९४७ च्या डिसेंबरात ईटीएस स्थापन झाली, चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष.

कॉनंट यांना लोकशाहीवादी संत ठरवण्याची घाई मात्र करू नये. सर्वांना उच्च शिक्षण मिळावे असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. जन्माने श्रीमंत असलेल्यांच्या जागी बुद्धीने श्रीमंत असलेले थोडे लोक आणावेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. अशा समाजाचे पुढे काय होते याचे चित्र इंग्रज समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये एका उपहासकथेत रंगवले. वर पोहोचलेले लोक स्वतःला त्या जागेचे हक्काचे धनी समजतात आणि खाली राहिलेल्यांना तक्रारीलाही जागा उरत नाही, असा तिचा रोख आहे. गंमत म्हणजे ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द त्या पुस्तकामुळे रूढ झाला, आणि लोकांनी तो स्तुतिपर वापरायला सुरुवात केली.

सॅटची शिकवणी लावून उपयोग नाही, असे कॉलेज बोर्ड अनेक वर्षे सांगत असे. ब्रुकलिनमधल्या स्टॅन्ली कॅप्लन यांना हे पटले नाही. चांगले गुण असूनही वैद्यकीय महाविद्यालयांनी नाकारलेला हा ज्यू तरुण घराच्या तळघरात शिकवण्या घेत असे. १९४६ मध्ये एका विद्यार्थिनीने त्याच्याकडे सॅटची तयारी करून मागितली आणि त्यातून एक धंदा उभा राहिला. सरकारच्या व्यापार आयोगाने १९७९ मध्ये चौकशी केली, तेव्हा शिकवणीने गुण थोडेफार वाढतात असेच निघाले. १९८४ मध्ये कॅप्लन यांनी आपली कंपनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला विकली. लातूर पॅटर्न आणि कोटा पाहिलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. फरक असलाच तर एवढाच की, आपल्याकडे क्लास लावणे ही उघड गोष्ट आहे. तिकडे परीक्षा ‘कुवत’ मोजते असा दावा असल्याने क्लास म्हणजे त्या दाव्यालाच धक्का होता.

प्रश्नांतही घरची परिस्थिती डोकावत असे. सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे नाते जुळवण्याचा एक प्रश्न. धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, तेच वल्हेकऱ्याचे कशाशी? उत्तर होते ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या वडिलांच्या क्लबात होड्या असतील त्याला हे सोपे. नात्यांचे हे प्रश्न २००५ मध्ये परीक्षेतूनच गेले. पण गुण आणि घरचे उत्पन्न यांचे नाते गेले नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रचंड माहिती तपासली. सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या घरांतली मुले १३०० किंवा त्याहून अधिक गुण मिळवण्याची शक्यता गरीब घरांतल्या मुलांच्या तेरा पट आहे, असे त्यांना आढळले.

तेरा पट! हा आकडा वाचून परीक्षा बंद करा म्हणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण इथेच जरा थांबले पाहिजे, कारण त्याच अभ्यासात दुसरे एक निरीक्षण आहे. सॅटचे गुण अगदी समान असलेली मुले घेतली, तरी अतिश्रीमंत घरातल्या मुलाला हार्वर्ड-येलसारख्या बारा कॉलेजांत शिरण्याची संधी मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक आहे. याची कारणे तीन निघाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन. खेळाडू म्हटल्यावर आपल्यासमोर गरीब घरातला धावपटू येतो. पण या कॉलेजांत नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश हेही खेळ भरतीत मोजतात. प्रश्नपत्रिकेतून गेलेली होडी प्रवेशाच्या दाराशी अजून उभी आहे. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलेल्या माहितीनुसार तिथे प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित किंवा कर्मचाऱ्यांची मुले या गटांतले होते. त्याच खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’च्या रकान्यात सरासरीने कमी गुण दिले गेल्याचे पुढे आले. १९२६ चा तो रकाना जिवंत आहे, आणि आता त्यात आपली मुले अडकतात.

परीक्षा काढून टाकल्यावर काय होते, याचा मोठा प्रयोग अलीकडे झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६८ पासून सॅट सक्तीची केली होती. तिच्याविरुद्ध ओरड वाढली तेव्हा विद्यापीठाने प्राध्यापकांची एक समिती नेमली. २०२० च्या सुरुवातीला तिचा अहवाल आला. समितीला अनेकांनी अपेक्षिलेले सापडले नाही. विद्यार्थी कॉलेजात कशी कामगिरी करील याचा अंदाज शाळेच्या गुणांपेक्षा सॅटवरून अधिक चांगला येतो. वंचित गटांच्या बाबतीत तर विशेषच. शिवाय विद्यापीठ प्रत्येक मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या आणि परिस्थितीच्या संदर्भात वाचत होते, त्यामुळे कमकुवत शाळेतल्या मुलाला कमी गुणांवरही प्रवेश मिळत होता. समितीने तूर्त सक्ती ठेवा म्हटले. मे महिन्यात नियामक मंडळाने २३ विरुद्ध ० मतांनी ती काढायचे ठरवले. स्वतःच नेमलेल्या समितीचे न ऐकण्यात अमेरिकन विद्यापीठे आपल्या सरकारांपेक्षा फार वेगळी नाहीत, असे म्हणायचे!

त्याच वर्षी करोनामुळे परीक्षाकेंद्रेच बंद झाली आणि जवळजवळ सर्व नामांकित कॉलेजांनी ‘गुण द्या किंवा देऊ नका’ असे जाहीर केले. हे उदार वाटते. डार्टमथ कॉलेजातील चार प्राध्यापकांनी त्याचा परिणाम तपासला तेव्हा वेगळेच निघाले. १४०० च्या घरात गुण असलेली, साध्या शाळांतली अनेक मुले आपले गुण कमी आहेत असे समजून ते लपवत होती. प्रत्यक्षात त्यांच्या शाळेचा विचार करता ते गुण विलक्षण होते, आणि दाखवले असते तर प्रवेशाची शक्यता वाढली असती. श्रीमंत घरातल्या मुलाला काय दाखवायचे हे सांगायला सल्लागार होता. या मुलांना कोणी नव्हते. एमआयटीने २०२२ च्या मार्चमध्येच सक्ती परत आणली होती. गणित झेपेल का हे कळायला दुसरा भरवशाचा मार्ग नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक एकामागून एक परतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिगहॅम यांच्या प्रिन्स्टननेही परतीचा निर्णय जाहीर केला.

सॅटच्या गुणांवरून कॉलेजातले यश सांगता येत नाही, हा आक्षेप तुम्ही वाचला असेल. त्यातला बराचसा भाग आकड्यांच्या गोंधळाचा आहे. कॉलेजात शिरलेल्यांचेच गुण तपासले तर सगळेच वरच्या पट्टीतले असतात, त्यांच्यातला फरक थोडा दिसणारच. कुस्तीच्या ७४ किलो गटात पैलवानांचे वजन पाहून कोण जिंकेल हे सांगता येत नाही. त्यावरून कुस्तीत वजनाला महत्त्व नाही असे कोल्हापूरचे पोरही म्हणणार नाही.

मग आजोबांना काय सांगायचे? मी हे सांगतो. १५६० गुण म्हणजे नातवाला तिथला अभ्यास झेपेल याचा चांगला पुरावा. पण झेपेल अशी मुले जागांच्या कित्येक पट आहेत, आणि त्यांच्यातून निवड करताना कॉलेज इतर रकान्यांकडे वळते. गुणांचे वजन सर्वांत जास्त असते ते ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही त्याच्यासाठी. ज्याच्याकडे होडी, सल्लागार आणि माजी विद्यार्थी वडील आहेत त्याच्यासाठी ते सर्वांत कमी. म्हणून परीक्षेत श्रीमंतांचे फावते हे मान्य करूनही मी तिच्या बाजूने आहे. तिच्या जागी जे येते त्यात त्यांचे अधिक फावते, आणि तिथे तर तपासायला आकडाही हाती राहत नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देणे जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्ट यांनी आपणहून बंद केले. कॅलिफोर्निया राज्याने तर खासगी कॉलेजांनाही तसे करायला कायद्याने मनाई केली. स्टॅनफर्डने सॅटची सक्ती परत आणली. मात्र २०२५ मध्ये, नवा कायदा अंमलात येण्याच्या तोंडावर, त्याच स्टॅनफर्डने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत चालू ठेवण्याचे जाहीर केले. आणि त्यासाठी गरजू विद्यार्थ्यांसाठीचे राज्याचे अनुदान सोडून दिले, ते पैसे आपण स्वतःच्या तिजोरीतून भरू असे सांगून.